मोटारीला आवाज देणारा माणूस

जुन्या मोटारीत नवा स्टिरिओ बसवायचे ठरले, की गिऱ्हाईक दुकानदाराला दोन प्रश्न हमखास विचारते. एकूण खर्च किती येईल, आणि गाडीचे मूळ वायरिंग बिघडणार तर नाही? स्पीकर किती वॅटचे आणि कोणत्या कंपनीचे, ही चर्चा त्यानंतरची. हे दोन्ही प्रश्न मोटारीतील रेडिओइतकेच जुने आहेत, आणि त्यांचे उत्तर शोधण्यावर ज्या माणसाने आपले सर्वस्व पणाला लावले त्याचे नाव पॉल गॅल्विन. त्यांच्या कंपनीचे नाव आपल्याकडे पेजर आणि मोबाइल फोनमुळे घरोघरी पोचले. पण त्या नावात मोटारीचा आवाज दडलेला आहे, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

गॅल्विन हे संशोधक नव्हते. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. मोटारीत रेडिओ बसवणारेही ते पहिले नव्हेत. अमेरिकेत १९२२ मध्येच शेव्हरोले मोटारीसाठी सुमारे २०० डॉलर किमतीचा रेडिओ मिळत होता, आणि १९२७ च्या सुमारास ‘ट्रान्झिटोन’ नावाचा संच बाजारात आला होता. परंतु ती श्रीमंतांची हौस होती. ज्याच्या दारात साधी, हप्त्यांवर घेतलेली, दोन-चार वर्षे वापरलेली मोटार उभी आहे, त्या माणसाला परवडेल असे यंत्र तयार करणे, ते त्याच्या गाडीत नीट बसवून देणे आणि बसवल्यावर ते चालेल याची काळजी घेणे, हे काम गॅल्विन यांनी केले. शोधाचे श्रेय इतरांना देऊनही त्यांचे मोठेपण उरते ते यामुळेच.

इलिनॉय राज्यातील हार्वर्ड या छोट्या गावी २९ जून १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. प्रसिद्ध विद्यापीठाशी या हार्वर्डचा काही संबंध नाही. हे शेतीवाडीने वेढलेले रेल्वेचे जंक्शन. गाडी फलाटावर थांबे तेवढ्या वेळात प्रवाशांना मक्याच्या लाह्या विकण्याचा उद्योग गावातील मुले करीत, आणि पॉल त्यांच्यात होता. गाडी फार वेळ थांबत नाही, गिऱ्हाइकाच्या खिशात सुटे पैसे मोजकेच असतात, आणि माल गरम असेल तरच खपतो, हे धडे त्या फलाटावर मिळाले असणार. पुढे इलिनॉय विद्यापीठात त्यांनी दोन वर्षे काढली, पण शिक्षण पुरे केले नाही. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात अधिकारी म्हणून फ्रान्सच्या भूमीवर लढले आणि परतल्यावर शिकागोत बॅटऱ्या तयार करणाऱ्या एका कंपनीत नोकरीला लागले.

त्यानंतरची सात वर्षे अपयशाची आहेत. १९२१ मध्ये मित्र एडवर्ड स्ट्यूअर्ट यांच्यासह त्यांनी विस्कॉन्सिन राज्यातील मार्शफील्ड येथे बॅटऱ्यांचा कारखाना काढला. मंदी, वाहतुकीचा खर्च आणि थकलेला कर यांच्या ओझ्याखाली तो १९२३ मध्ये बंद पडला. पत्नी लिलियन आणि तान्हा मुलगा रॉबर्ट यांना घेऊन गॅल्विन शिकागोला परतले आणि ब्राख या मिठाई-कारखानदाराकडे त्यांनी स्वीय सचिवाची नोकरी धरली. १९२६ मध्ये त्याच मित्राबरोबर पुन्हा बॅटरीचाच धंदा, यावेळी शिकागोत. १९२८ मध्ये तोही बुडाला.

बुडालेल्या धंद्याच्या मालमत्तेचा लिलाव झाला त्या वेळी बोली लावणाऱ्यांत स्वतः गॅल्विनही होते. त्यांना सगळा कारखाना नको होता. एकाच वस्तूची यंत्रसामग्री हवी होती. ही वस्तू म्हणजे ‘बॅटरी एलिमिनेटर’. त्या काळी घरातील रेडिओ बॅटऱ्यांवर चाले. शहरांत घरोघरी वीज आल्यावर जुना रेडिओ न टाकता तो विजेवर चालवण्याची सोय या पेटीमुळे होत असे. ७५० डॉलरला ही सामग्री त्यांच्या पदरात पडली. २५ सप्टेंबर १९२८ रोजी पॉल आणि त्यांचे धाकटे बंधू जोसेफ यांनी शिकागोच्या हॅरिसन स्ट्रीटवरील भाड्याच्या जागेत ‘गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशन’ सुरू केली. हाती रोख ५६५ डॉलर, पाच कामगार, आणि पहिल्या आठवड्याच्या पगाराचे बिल ६३ डॉलर.

येथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. एलिमिनेटर हे जुन्या वस्तूला नवे आयुष्य देणारे यंत्र होते. घरात आहे तो रेडिओ ठेवा, थोडा खर्च करा आणि नव्याची सोय मिळवा, असा त्या मालाचा मतितार्थ. गॅल्विन यांचा पुढचा सगळा धंदा याच विचारावर उभा राहिला. मात्र एलिमिनेटरचे दिवस भरत आले होते. थेट विजेवर चालणारे रेडिओ बाजारात येत होते, आणि १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळल्यावर तर मोठ्या कंपन्यांनी पडून राहिलेले संच मिळेल त्या भावाने विकायला काढले. छोट्या कारखानदाराने तग धरावा कसा? तिसऱ्यांदा दिवाळे निघण्याची वेळ अगदी दारात येऊन ठेपली होती.

पूर्व किनाऱ्यावर काही कारागीर हौशी गिऱ्हाइकांच्या मोटारींत रेडिओ बसवून देतात, अशी माहिती गॅल्विन यांच्या कानी आली. हे काम ठरावीक नमुन्याच्या संचाने, कमी किमतीत करता येईल का, असा प्रश्न त्यांनी आपल्या माणसांपुढे टाकला. त्यांच्या भोवती या वेळी दोन तरुण होते. विल्यम लीअर हा स्वयंशिक्षित, अफाट कल्पक पण धरसोडीचा माणूस; लीअरजेट विमाने पुढे त्यानेच काढली. दुसरा एल्मर वेव्हरिंग, मिसिसिपीकाठच्या क्विन्सी गावचा, रेडिओच्या दुरुस्तीत हात बसलेला. हे दोघे आपापल्या मैत्रिणींसह नदीकाठी सूर्यास्त पाहत असता, आता मोटारीत गाणे असते तर किती बहार आली असती, असे त्यांतल्या एका मुलीने म्हटले आणि तेथून सारे सुरू झाले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका गोड आहे. पण गॅल्विन यांचा हिशेबाचा कागद अधिक बोलका ठरावा. त्यांना गाण्यापेक्षा पगाराच्या दिवसाची चिंता होती.

मोटारीत रेडिओ ठेवणे म्हणजे घरातला संच उचलून मागच्या आसनावर ठेवण्याइतके सोपे नव्हते. मोटार हे रेडिओचे शत्रूघरच. इंजिनात प्रत्येक स्पार्क प्लगवर ठिणगी पडते तेव्हा ती स्वतःच एक छोटे प्रक्षेपण करते, आणि रेडिओ ते इमानेइतबारे ऐकवतो. डिस्ट्रिब्युटर आणि डायनॅमो यांची खरखर निराळीच. परिणाम असा, की गाडी उभी असताना गाणे ऐकू येई आणि इंजिन सुरू करताच त्यावर तडतडीचा पाऊस पडे. यावर उपाय एकेक करून शोधावा लागला: प्लगच्या तारांमध्ये रोधक घालायचे, डायनॅमोवर कंडेन्सर बसवायचे, पत्र्याचे सुटे भाग एकमेकांना तारेने जोडायचे. रोधक घातल्याने इंजिनाची ताकद घटेल, असा संशय मोटारमालकांना येई, तोही दूर करावा लागे.

विजेचा प्रश्न याहून अवघड. तेव्हाचे रेडिओ व्हॉल्व्हचे. व्हॉल्व्हची तार तापवण्यास मोटारीची सहा व्होल्टची बॅटरी पुरे, पण व्हॉल्व्हला काम करण्यास शंभराहून अधिक व्होल्टचा दाब लागे. त्यासाठी कोरड्या बॅटऱ्यांची वेगळी पेटी, गाडीच्या तळाची फळी कापून खाली टांगलेली. या बॅटऱ्या संपत आणि पुन्हा विकत घ्याव्या लागत. म्हणजे संचाच्या किमतीनंतरही खर्च संपत नसे. एरियल बसवण्यासाठी छताचे आतील कापड उतरवून तेथे तारेची जाळी पसरायची. ग्राहक संच डॅशबोर्डच्या मागे, स्पीकर वेगळा, आणि स्टेशन लावण्याची कळ स्टिअरिंगच्या दांड्याला बांधून लवचिक तारेने संचाशी जोडलेली. खड्ड्यांच्या रस्त्यावर काचेचे व्हॉल्व्ह हादऱ्यांनी फुटू नयेत याचीही तजवीज हवी. निष्णात माणसांनाही एका गाडीचे काम पुरे करण्यास बराच वेळ लागे. संच कारखान्यात तयार होई हे खरे. पण तो ‘वाजू’ लागे तो गॅरेजात. गॅल्विन यांना हे इतरांच्या आधी उमगले, असे माझे मत आहे. माल विकून हात झटकण्याचा हा धंदा नव्हता. फिटिंग फसले की दोष कंपनीच्या नावावर जमा होत असे.

पहिला चालू संच गॅल्विन यांच्या स्वतःच्या स्टुडबेकर मोटारीत बसवला गेला. जून १९३० मध्ये अटलांटिक सिटी येथे रेडिओ-उत्पादकांचे अधिवेशन भरत होते. शिकागोहून हे अंतर सुमारे १,३०० किलोमीटर. गॅल्विन पत्नीला घेऊन निघाले. अधिवेशनात दालन घेण्याइतके पैसे नव्हते. म्हणून त्यांनी मोटार प्रवेशद्वाराजवळच उभी केली, रेडिओ मोठ्याने लावला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांना थांबवून गाडीत बसवून ऐकवले. घरी परतताना त्यांच्या खिशात मागण्या होत्या. फार नव्हत्या, पण कारखाना चालू ठेवण्याइतक्या होत्या.

कर्ज मागायला गेलेल्या गॅल्विन यांनी एका बँकवाल्याच्या पॅकार्ड मोटारीत रेडिओ बसवून दिला आणि अर्ध्या तासातच त्या गाडीला आग लागली, अशी एक हकिकत कंपनीत पुढे वर्षानुवर्षे सांगितली जाई. कर्ज अर्थातच मिळाले नाही. तपशिलात कमी-जास्त असेल, पण त्या सुरुवातीच्या दिवसांत अशा फजित्या होणे अगदी शक्य होते, आणि कंपनीने ही गोष्ट लपवण्याऐवजी जपली याचे कौतुक वाटते.

या संचाला ‘५टी७१’ असा रूक्ष क्रमांक होता. विकायला नाव हवे. ग्रामोफोन आणि रेडिओच्या जगात त्या काळी ‘व्हिक्ट्रोला’, ‘रेडिओला’ अशा शेपटाच्या नावांची चलती होती. गॅल्विन यांनी ‘मोटर’ला तेच शेपूट जोडले आणि ‘मोटोरोला’ हा शब्द जन्माला आला. मोटारीतला आवाज, एवढाच त्याचा अर्थ. नाव आधी मालाचे होते. कंपनीने ते स्वतःला लावून घेतले ते १९४७ मध्ये.

पहिल्या संचाची किंमत ११० ते १३० डॉलर होती. त्याच सुमारास फोर्डची नवी ‘मॉडेल ए’ मोटार साधारण ५०० डॉलरला मिळे. म्हणजे गाडीच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाएवढा रेडिओ! आजच्या हिशेबाने हे स्वस्त म्हणवत नाही. पण तेव्हाच्या बाजारात तो दर कमी होता, आणि गॅल्विन यांना तो आणखी खाली आणायचा होता. मंदीच्या काळात चैनीची वस्तू कोण घेणार, अशी शंका कोणासही यावी. वस्तुस्थिती उलट दिसते. मंदीत लोक नवी मोटार घेणे पुढे ढकलतात, जुनीच चालवतात आणि तिच्यातच काही सोय करून घेता आली तर पाहतात. नव्या मोटारीसाठी पाचशे डॉलर नसलेला माणूस आहे त्या गाडीत रेडिओ बसवण्याचा विचार करू शकतो. तरीही १९३० या पहिल्या वर्षी कंपनीला थोडा तोटाच सोसावा लागला. फिल्कोसारखी बलाढ्य कंपनी ‘ट्रान्झिटोन’ विकत घेऊन याच बाजारात उतरली होती, हेही विसरता येत नाही.

त्यातच विरोध सुरू झाला. मोटार चालवणाऱ्याचे लक्ष रेडिओमुळे विचलित होते, स्टेशन बदलताना त्याची नजर रस्त्यावरून हटते, संथ संगीताने त्याला झोप येते, असे आक्षेप घेण्यात आले. मॅसॅच्युसेट्स राज्यात आणि सेंट लुईस शहरात मोटारीतील रेडिओवर बंदी घालण्याचे प्रस्ताव १९३० मध्येच पुढे आले होते. पुढे मोबाइल फोनबद्दल हेच सारे नव्याने ऐकू आले, तेव्हा या वादाला आधीची परंपरा आहे याची फारशी कोणी आठवण काढली नाही. ते आक्षेप अगदीच पोकळ नव्हते. पण बंदी टिकली नाही आणि रेडिओ मोटारीत राहिला.

दर खाली आला तो दोन मार्गांनी. १९३२-३३ च्या सुमारास ‘व्हायब्रेटर’ नावाचा छोटा भाग प्रचारात आला. बॅटरीचा एकदिश प्रवाह तो सेकंदाला शंभराहून अधिक वेळा तोडतो-जोडतो, त्यामुळे ट्रान्स्फॉर्मरच्या साहाय्याने सहा व्होल्टचा दाब हवा तितका चढवता येतो. कोरड्या बॅटऱ्यांची पेटी त्यामुळे गेली आणि गिऱ्हाइकाचा पुढचा खर्चही गेला. मोटारीची बॅटरी मात्र लवकर उतरे. हे दुखणे पुष्कळ वर्षे राहिले आणि मोटारींत अल्टर्नेटर आणण्याच्या कामी पुढे याच वेव्हरिंग यांनी पुढाकार घेतला. दुसरा मार्ग फिटिंगचा. १९३४ मध्ये गॅल्विन यांनी गुडरिच या टायर-कंपनीशी करार केला. तिची दुकाने गावोगावी होती आणि तेथे मोटारी जॅकवर चढतच असत. टायर बदलायला आलेल्या माणसाला तेथेच रेडिओ बसवून मिळू लागला. बसवण्याच्या खर्चासह किंमत तोवर पहिल्या संचाच्या जवळपास निम्म्यावर आली होती. हमरस्त्यांच्या कडेला मोटोरोलाचे जाहिरात-फलक झळकू लागले. मोटारवाल्याला मोटारीतच गाठायचे, हा त्यामागील साधा व्यवहार.

१९३५ च्या सुमारास मोटारींची छते सबंध पोलादी पत्र्याची होऊ लागली आणि छतातील जाळीचे एरियल निरुपयोगी ठरले. पत्र्याखाली लहरी पोचणार कशा? मग एरियल फूटबोर्डाखाली गेले, बाहेर आले, काठीसारखे उभे राहिले. मोटार बदलली की रेडिओला बदलावे लागते, आणि रेडिओवाल्याला मोटारवाल्याच्या मागे धावावे लागते, हा या धंद्याचा स्थायिभाव झाला. जुन्या गाडीत नवी यंत्रणा बसवणाऱ्या कारागिरांना तो आजही ठाऊक असतो.

मोटारीच्या खरखरीशी झगडताना जे ज्ञान हाती आले, त्याचा पुढचा उपयोग मात्र संगीतासाठी झाला नाही. १९३६ मध्ये कंपनीने पोलिसांच्या गाड्यांसाठी एकाच लहरीवर स्थिर केलेला ग्राहक संच काढला. त्याच वर्षी युरोपच्या सफरीत जर्मनीतील वातावरण पाहून युद्ध अटळ आहे अशी गॅल्विन यांची खात्री पटली, आणि लष्कराला उपयोगी पडेल अशा रेडिओवर त्यांनी माणसे लावली. हातात धरून बोलण्याचा ‘हँडी-टॉकी’ १९४० मध्ये आणि पाठीवर वाहून नेण्याचा ‘वॉकी-टॉकी’ १९४३ मध्ये तयार झाला. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्याने ते मोठ्या संख्येने वापरले. कंपनी मोठी झाली ती या काळात.

घरी मात्र याच काळात आघात झाले. ऑक्टोबर १९४२ मध्ये गॅल्विन कामानिमित्त बाहेरगावी असताना एव्हन्स्टन येथील राहत्या घरी लिलियन यांची आणि घरातील मोलकरणीची हत्या झाली. स्टुडबेकरमधून अटलांटिक सिटीला बरोबर गेलेली, दोन्ही दिवाळखोरींत पाठीशी राहिलेली ही सोबतीण अशा रीतीने गेली. १९४४ मध्ये बंधू जोसेफही वारले. कारखान्यातील कामगारांना ओळखणारा, त्यांच्यात वावरणारा माणूस म्हणून कंपनीत त्यांचे स्थान वेगळे होते. १९४५ मध्ये गॅल्विन यांनी दुसरा विवाह केला. १९४७ मध्ये कामगारांना नफ्यात वाटा देण्याची योजना त्यांनी सुरू केली.

किमतीचा त्यांचा आग्रह उतारवयातही सुटला नाही. कंपनीने दूरचित्रवाणी संच काढायचे ठरवले तेव्हा तो २०० डॉलरच्या आत बसला पाहिजे आणि वर्षाला लाखभर खपला पाहिजे, असे लक्ष्य त्यांनी दिले. हाताखालच्या लोकांना ते अशक्य वाटले. सात इंची पडद्याचा तो संच १८० डॉलरच्या आसपास विकला गेला आणि वर्षभरात लाखाचा आकडा गाठला गेला. मोटारीतील रेडिओला जे पथ्य पाळले, तेच येथे. आधी गिऱ्हाइकाचा खिसा पाहायचा, मग त्यात बसेल असे यंत्र करायला इंजिनीअरांना सांगायचे.

१९५६ मध्ये रॉबर्ट गॅल्विन कंपनीचे अध्यक्ष झाले. ५ नोव्हेंबर १९५९ रोजी रक्ताच्या कर्करोगाने पॉल गॅल्विन यांचे निधन झाले. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९६५ मध्ये, फोर्डच्या नव्या मोटारींत ‘एट-ट्रॅक’ टेप वाजू लागली. मोटारचालकाला प्रथमच रेडिओ-केंद्राच्या मर्जीऐवजी आपल्या आवडीचे संगीत सहजपणे ऐकता येऊ लागले. ही पद्धत विकसित केली होती विल्यम लीअर यांनी, आणि फोर्डसाठी तिचे यंत्र तयार केले मोटोरोलाने. १९३० मध्ये एका स्टुडबेकरच्या डॅशबोर्डमागे सुरू झालेली भागीदारी, एक भागीदार गेल्यावर, पुन्हा डॅशबोर्डमागेच येऊन मिळाली.

हार्वर्ड गावात मोटोरोलाने १९९० च्या दशकात मोबाइल फोनचा प्रचंड कारखाना उभारला. ज्या गावाच्या फलाटावर संस्थापकाने लाह्या विकल्या, तेथे हजारोंना रोजगार मिळाला. पण सहा-सात वर्षांतच, २००३ मध्ये, तो बंद झाला आणि ती अवाढव्य इमारत नंतर कित्येक वर्षे रिकामी उभी राहिली.